सोवळं सुटायची वेळ

"शिवूं नकोत, मी मडींत आहें," असं सरोजा म्हणाली खरी, पण म्हणता म्हणताच तिला कळलं की हे इथे चालायचं नाही. तिरुभुवनमचं रेशमी साड्यांचं दुकान, भर दुपार, अख्खं गाव बसून गेलेली गादी. तिथे कोण मडीत, सोवळ्यात, असतं?

भवानीबाई खळखळून हसल्या. त्या मुलाकडच्या. त्यांच्या प्रवीणकुमारशी सरोजाच्या लेकीचं, नित्याचं, लग्न ठरलं होतं आणि मुहूर्त तीन महिन्यांवर आला होता. बाई मनानं मोठी, आणि आवाजानं त्याहून मोठी.

"दुकानांत कसली मडी, विहीणबाई? उभ्या राहा पाहूं!" त्यांनी एक करकरीत कोरी साडी उलगडून तिचा जरीचा पदर सरोजाच्या खांद्यावर टाकला, दोन्ही हातांनी तिचे गाल धरले आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अय्यो! लेकीहून आईच नवरी दिसतें!"

सगळे हसले. सरोजाही हसली. ते हसणं तिचं स्वतःचं नव्हतं, नणंदेकडून उचललेलं होतं, पण इतकी वर्षं वापरून अंगाला चांगलं बसलं होतं. ती हसत राहिली आणि जर खांद्याला किसणीसारखी लागत राहिली. मग तिनं पदर उतरवला, घडीवर घडी घालून नीट ठेवला, बाहेर जाऊन गाडीत बसली आणि काचा वर केल्या. त्यानंतर ती बोललीच नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडा उलटला तरी नाही.

नवरा नरसिंहराव, पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरातले. कुंभकोणमच्या पेठेत त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं आणि वेळ मारून नेणं हा त्यांच्या हातचा मळ होता. विहीणबाईंचा चौकशीचा फोन आला तेव्हा ते बेधडक म्हणाले, "तिचें मौनव्रत आहे. लग्न सुरळीत होऊं दे म्हणून विठोबाला बोलली." भवानीबाई फोनवरच गहिवरल्या. अशी पुण्यवान विहीण मिळायला भाग्य लागतं, असं त्यांनी आणखी चार घरी सांगितलं.

म्हणजे बघा, बाई मोडून पडली तरी तिच्या पुण्याईतच भर पडली. सरोजाच्या बाबतीत हे असंच होत आलं होतं.

लहानपणी आजोळी, तिरुविसनल्लूरला, तिनं आजीला ओलेत्यानं स्वयंपाक करताना पाहिलं होतं. आजी सोवळ्यात असली की तिला कोणी शिवत नसे, तिच्या भांड्याला हात लावत नसे, तिच्याशी मोठ्यानं बोलत नसे. घर माणसांनी भरलेलं, जो तो पोरांचे गालगुच्चे घेणार, वेण्या ओढणार, आणि त्या सगळ्यांत ही एकच बाई अशी की जिच्याभोवती हातभर मोकळी जागा. सरोजाला तेव्हा सोवळ्यातलं धर्मकर्म काहीच कळलं नाही, ती मोकळी जागा मात्र कळली. दुसऱ्या दिवशी ती अंघोळ करून आली आणि म्हणाली, "मीही मडी." सगळ्यांनी तिची पाठ थोपटायला हात पुढे केले आणि हसत मागे घेतले. त्यानंतर तिचं सोवळं सुटलं नाही ते नाहीच.

सासरी तर सासू हरखून गेली. दिवा घेऊन शोधलं असतं तरी अशी सून मिळाली नसती, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. सरोजाचा पाट वेगळा, पेला वेगळा, जेवण स्वतःच्या हातचं, आणि तेही रोज तेच, भात आणि सार. कोरं कापड ती अंगाला लावत नसे, धुऊन धुऊन मऊ झाल्यावर नेसे. पाहुणे गेले की कोठीच्या खोलीत दार लावून बसे, आणि सासू ओठांवर बोट ठेवून बाकीच्यांना सांगे, "जप चालला." जप कसला आलाय! अंधारात तुरीच्या डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून ती बसलेली असे. हळूहळू डोक्यातला कल्ला निवत जाई. बाहेर आली की तिच्या चेहऱ्यावर खरोखरच तेज दिसे, त्याला कोण काय करणार?

माणसांशी बोलायचं कसं हे ती नणंदेकडे बघून शिकली. कोणी आलं की आधी काय विचारायचं, तोंडावर हात केव्हा न्यायचा, "असें कां?" कुठे म्हणायचं, सगळं पाठ. नवरात्रात घरोघरी मांडलेल्या बाहुल्या बघायला चार घरं फिरून आली की दोन दिवस तिला उठवत नसे. लोक म्हणत, उपासानं थकली.

हे सगळं छानच चाललं होतं, पण एक काटा होता. आपलं सोवळं भक्तीचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपण देवाचं नाव पुढे करून माणसं टाळतो आहोत. जगाला फसवता येतं, विठोबाला कसं फसवणार? तो कधीतरी वसूल करणारच. दुकानात त्या दिवशी वाचा गेली तेव्हा तिला वाटलं, आली ती वेळ. आणि तिची खरी भीती पुढची होती. शिक्षा आपल्यावरच थांबली तर ठीक, ती नित्याच्या लग्नावर तर जाणार नाही ना?

नित्या चेन्नईची नोकरी रजेवर टाकून घरी आली. एका डॉक्टरांनी उदासीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यानं सरोजाला झोप येई, शब्द येत नसत. नित्यानं चौकशी करून दुसऱ्या डॉक्टर शोधल्या, श्रीलक्ष्मी नावाच्या, महामहम तळ्याजवळ दवाखाना असलेल्या. नरसिंहरावांची अट एकच होती. शेजारी विचारलं तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातोय म्हणायचं. भवानीबाईंची मावसबहीण त्याच रस्त्यावर राहत होती, आणि मुलीची आई मनाच्या डॉक्टरकडे जाते म्हटल्यावर ठरलेली लग्नं मोडलेली नरसिंहरावांनी पाहिली होती.

दवाखान्यात बोलणं अर्थातच तमिळमध्ये चाललं, आणि सगळी उत्तरं नरसिंहरावच देत होते.

"बाहेरचं काही खातात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! आमच्याकडे मडी असते."

"कुणी हात धरला, जवळ घेतलं तर?"

"मडी, डॉक्टर."

"नवे कपडे?"

"तेही मडीचंच."

"चार माणसांत मिसळायला आवडतं?"

"मडीची बाई कशी मिसळणार?" नरसिंहराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता. अशी बायको कुंभकोणमात दुसऱ्या कुणाची नव्हती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या चाळिशीच्या असतील. त्यांचं माहेर इथलंच, सारंगपाणीच्या देवळामागच्या गल्लीतलं.

"माझी आजी कडक मडीची होती, सर," त्या म्हणाल्या. "आम्हा पोरांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभंसुद्धा राहू द्यायची नाही. पण जेवणं झाली, केळीची पानं उचलली की मडी सुटायची. मग तीच आम्हाला मांडीवर ओढून घ्यायची, गुदगुल्या करायची. यांची मडी कधी सुटते?"

एवढ्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न नरसिंहरावांना कुणी विचारला नव्हता.

"बरं, दुसरी एखादी बाई, तीही अंघोळ करून मडीतच असलेली. तिनं शिवलेलं चालतं?"

यावर नित्या बोलली. "नाही चालत. एकदा आत्या मडीत होती, आईला पाण्याचा गडू देताना तिची बोटं लागली. आईनं गडूच टाकला. आत्या किती दिवस रुसली होती! म्हणाली, मी काय कमी मडीची आहे?"

"तेच म्हणते मी. मडीत शिवलं तर पुन्हा अंघोळ करायची, झालं. त्यात दुखायचं काही नसतं." डॉक्टर उठल्या आणि त्यांनी भिंतीवरची ट्यूब बंद केली. खिडकीतून येईल तेवढाच उजेड राहिला. "ही गुणगुणते. मला सवय झालीय. तुम्ही आल्यापासून तिच्याकडेच बघताय, अम्मा. खरं सांगा, माणसांनी शिवलं की तुम्हाला दुखतं का?"

सरोजानं मान वर केली. घराबाहेर ती तमिळच बोलत आली होती, पण ती शिकलेली भाषा त्या दिवसांत कुठे गेली होती कोण जाणे. वर आली ती घरातली, आजीची.

"दुखतें," ती म्हणाली.

डॉक्टरांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. तरी या शब्दाचा अर्थ त्यांना सांगावा लागला नाही.

त्यानंतर आणखी काही खेपा झाल्या. डॉक्टर घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सरोजाच्या थोरल्या भावाला, अनंतकृष्णाला, बंगळूरला फोन लावून तिच्या लहानपणाविषयी विचारलं. तो म्हणाला, पाहुणे आले की ही ट्रंकेमागे जाऊन बसायची. शाळेत मैत्रीण एकच, आणि हिची वेणी तिच्यासारखी, चालणं तिच्यासारखं, अक्षरसुद्धा तिच्यासारखं. ती मैत्रीण गाव सोडून गेली तेव्हा ही महिनाभर कुणाशी बोलली नव्हती. "आम्ही म्हणायचो, अनुष्ठानाला बसलीय," असं सांगून तो हसला, आणि मग एकाएकी हसायचा थांबला.

शेवटी डॉक्टरांनी नाव सांगितलं. ऑटिझम.

"पण ते लहान मुलांना असतं ना?" नित्यानं विचारलं. "बोलत नाहीत, नजर देत नाहीत, अशांना?"

"ती मुलं मोठी होतातच की. आणि सगळी तशी नसतात. काही फार लवकर नक्कल शिकतात, मुली तर जास्तच. मग सगळ्यांना वाटतं, लाजाळू आहे, सोशिक आहे, मानी आहे. तुमच्या आईला तर घरातच तयार पडदा मिळाला. मी स्वतः मडीच्या घरात वाढले नसते तर मीही 'धार्मिक वृत्ती' असं लिहून पुढे गेले असते."

"पण तिनं संसार केला, पोर वाढवली!" नरसिंहराव जवळजवळ भांडणाच्या सुरात म्हणाले.

"केला ना. किती जोर लावून केला ते कुणाला दिसलं नाही, एवढंच. ही त्यांची घडण आहे, सर, ती बदलायची नसते. उदासीही खरी आहे, म्हणून गोळ्या मी एकदम बंद करणार नाही. पण ती या थकव्यातून आलीय. रोज सकाळी उठून नाटकात उभं राहायचं, आणि पडदा पडतच नाही. माणूस थकणार नाही तर काय?"

सरोजा इतका वेळ ऐकत होती. आता तिची तमिळ थोडी थोडी परतली होती. तिनं जपून एकेक शब्द लावत विचारलं, "मग मी देवाला फसवलं नाही?"

"देवाचं मला फारसं कळत नाही, अम्मा," डॉक्टर म्हणाल्या. "पण उन्हानं पोळलेलं माणूस देवळाच्या सावलीत येऊन बसलं, तर त्याचा देवाला राग येईल असं मला नाही वाटत."

सरोजानं हात जोडले. आजीला, विठोबाला, समोरच्या या बाईला, सगळ्यांना एकदमच. आपण वाईट नव्हतो, लबाड नव्हतो, आणि नित्याच्या लग्नावर काही येणार नव्हतं. तिला इतकं हलकं वाटलं की खुर्चीचा दांडा धरून ठेवावा लागला. एवढ्या एका गोष्टीसाठी ती त्या डॉक्टरांची जन्मभराची ऋणी झाली.

नरसिंहरावांनाही बरंच वाटलं होतं, पण ते दुकानदार होते. रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी पुढचा हिशेब केला.

"बरें झालें, कळलें तें," ते म्हणाले. "पण हें आपल्यांतच राहूं दे. लग्नांत मडी म्हणूं. जन्मभर चाललें, अजून दोन दिवस चालेल."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शहाणपण काही अगदीच चुकीचं नव्हतं. सरोजानं "सेरी" म्हटलं. होकार देणं तिला नेहमीच सोपं जाई.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंजलै आली. अंजलै त्यांच्याकडे नित्याच्या जन्माआधीपासून भांडी घासायची. परसात बसून घासायची, पायरीवर पालथी घालायची आणि मागे सरायची. मग सरोजा येऊन ती आत न्यायची. परसाकडे जाणारा बोळ अरुंद. त्या सकाळी दोघी समोरासमोर आल्या, आणि अंजलैनं पदर पोटाशी गोळा करून पाठ भिंतीला चिकटवली. ती रोजच तसं करायची. सरोजानं ते आज पहिल्यांदा पाहिलं.

"अशी भिंतीला का चिकटतेस?" तिनं तमिळमध्ये विचारलं.

"हे काय नवीन आहे, अम्मा?" अंजलैला हसू आलं. "तुमची मडी. आमच्या जातीचं अंग लागायला नको तुम्हाला." किती वाजले ते सांगावं इतक्या सहज ती हे बोलली.

सरोजा पायरीवर बसली. एवढी वर्षं तिनं आपल्या कातडीचा विचार केला होता. समोरच्या माणसाला काय वाटत असेल हा हिशेब तिला कधी जमला नव्हता, आणि या बाबतीत तर कुणी पाठही करून घेतला नव्हता.

"अंजलै, मला माझ्या नवऱ्याची बोटंसुद्धा सोसत नाहीत," ती म्हणाली. "सासूची सोसली नाहीत, भटजींच्या बायकोची सोसत नाहीत. तुझी जात त्यात कुठेच नव्हती. मला जन्मतःच असं आहे. काल डॉक्टरांनी सांगितलं."

मग जेवढं तिला कळलं होतं तेवढं तिनं सांगितलं. अंजलै भांडं घासत ऐकत राहिली. एकच कढई ती फार वेळ घासत होती.

"हे आधी सांगायचं होतं, अम्मा."

"मलाच ठाऊक नव्हतं गे."

"माझ्या कीर्तीला मी या घरात पाऊल टाकू दिलं नाही. केवढी शाळेत हुशार होती, नित्याची पुस्तकं न्यायला यायचं म्हणायची. मी म्हटलं, नको. मला सवय आहे. तिच्यापासून कुणी अंग चोरलेलं मला बघवलं नसतं."

नणंदेकडून शिकलेलं एकही वाक्य इथे बसत नव्हतं, पण सरोजा उठून गेली नाही. अंजलैनं कढई धुतली. पितळेचा गडू विसळला. तो पायरीवर ठेवता ठेवता ती थांबली.

"मग आता हातात देऊ?"

"दे," सरोजा म्हणाली. "पण बोट लागू देऊ नकोस."

"अय्यो, ही तर कसरतच झाली!" अंजलैनं ओला गडू तळाशी दोन बोटांच्या चिमटीत धरला आणि हात लांब करून पुढे केला. तो डुगडुगला, पाणी दोघींच्या पायांवर सांडलं, आणि सरोजा हसली. ते हसणं उचकीसारखं होतं, त्याला काही वळण नव्हतं. नणंदेला ते मुळीच आवडलं नसतं.

त्याच दिवशी नरसिंहराव जेवायला घरी आले तेव्हा सरोजा म्हणाली, "भवानीबाईंना मी सांगणार."

त्यांचा घास हातातच राहिला. "हात दाखवून अवलक्षण कां? मोडेल लग्न!"

"माझी मडी कोणाच्या अंगावर पडत होती तें आज कळलें. आतां मला ती नको. घरांत मी वाट्टेल तशी राहीन, पण खोटें नांव नको." मग तिनं नित्याकडे पाहिलं. "पण लग्न तुझें. तूं नको म्हण, मी गप्प बसेन."

"प्रवीणला मी तेव्हांच सांगिटलें, आई," नित्या म्हणाली. "तो म्हणाला, मग मंडपांत स्पीकर नको."

"मुलगा काय, काहींही म्हणेल," नरसिंहराव कपाळाला हात लावून म्हणाले. "त्याची आई?"

त्याची आई शुक्रवारी आली, आहेराच्या साड्या ठरवायला, हातात फुलं-पानांचं ताट घेऊन. मौनव्रत सुटलेलं पाहून तिला आनंद झाला आणि तो नेहमीसारखा मोठ्यानं झाला. सरोजानं तिला झोपाळ्यावर बसवलं, स्वतः लांब पाटावर बसली, आणि ट्रेन सुटायच्या आत निरोप सांगावा तशी एका दमात सगळं बोलून गेली. व्रत नव्हतं. वाचा गेली होती. सोवळंही सोवळं नव्हतं. डॉक्टर कोण, काय म्हणाल्या, सगळं. नरसिंहराव दाराआड उभे होते.

भवानीबाई पहिल्यांदाच हळू बोलल्या. "नातवंडांना येईल कां?"

"येऊं शकतें, म्हणाल्या डॉक्टर. येईलच असें नोव्हे."

दाराआड नरसिंहरावांनी डोळे मिटून घेतले.

"तर मग त्या दिवशीं दुकानांत," भवानीबाई म्हणाल्या, "मी तुमचे गाल धरले, तें तुम्हांला दुखलें?"

नणंद असती तर म्हणाली असती, छे हो, काहीतरीच काय. सरोजा म्हणाली, "होय. फार दुखलें."

भवानीबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि मग त्यांना हसू फुटलं. आवाज पुन्हा जागेवर आला. "दोन सुना आल्या माझ्या घरीं, ही तिसरी. तीन विहिणींत खरें बोलणारी तुम्हींच पहिली!" हसता हसता त्या एकदम विचारात पडल्या. "आमचे सासरे, ठाऊक आहे कां, जन्मभर त्याच पाटावर, त्याच वाटींत, कोणाशीं न बोलतां जेवले. वाटी बदलली तर उठून जात. आम्हीं त्यांना ऋषी म्हणत होतों."

तसे ऋषी आमच्या तंजावर-कुंभकोणमच्या मराठी घरांत शोधायला गेलं तर बरेच निघतील. त्यांना कुणी कधी विचारलं नाही, दुखतं का म्हणून.

लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. भवानीबाईंनी विहिणीला आहेर दिला तो सुती नऊवारीचा, तीही घरी पुन्हा पुन्हा धुऊन मऊ केलेली. विहिणीला धुतलेलं लुगडं देणारी आमच्यातली ती पहिलीच बाई, आणि त्यावरून मंडपात कुजबुज झालीच. सरोजा कन्यादानाला बसली. वाद्यं घुमू लागली तेव्हा तिनं सगळ्यांदेखत कानात कापूस घातला, आणि नित्याच्या ओंजळीवर पाण्याची धार धरली ती शेवटपर्यंत मोडू दिली नाही. मग ती उठून बाजूच्या खोलीत गेली. त्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून अंजलै बसली होती, नव्या साडीत. तिची कीर्ती पंगतीला बसली होती.

"आत मडी आहे का?" बायका येऊन विचारत.

"मडी नाही. अम्मा थकल्यात. थोड्या वेळानं येतील," अंजलै सांगे. कुणी नाक मुरडलं तर तिकडे ती बघत नसे.

निघायच्या आधी नित्या पाया पडायला आत आली. अंगभर दागिने, डोक्यात गच्च मोगरा. आईचा आशीर्वाद तिला आजवर हातभर अंतरावरूनच मिळत आला होता, अक्षता वरून पडायच्या. ती वाकली आणि सवयीनं तशीच थांबून राहिली.

"जवळ ये," सरोजा म्हणाली. "हलकें शिवलें की मला दुखतें. नेटानें धरलें तर तेवढें दुखत नाहीं. डॉक्टरांनीं विचारलें तेव्हां कळलें. आधीं कळलें असतें, तर तूं लहान होतीस तेव्हां..."

तिनं उजव्या हाताचा पुरा तळवा मुलीच्या डोक्यावर ठेवला आणि दाबला. मोगरा चुरगळला, गजरा एका बाजूला सरकला. हात बराच वेळ तसाच होता.

"जड होतो कां?" तिनं विचारलं.

"असूं दे," नित्या म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

बाहेर गाडीनं हॉर्न दिला. अंजलैनं खुर्चीवरून न उठताच हात वर केला आणि थांबायला सांगितलं.